सरपंचबाईंचं टमरेल

लोकांना ‘चाला’ असं सांगण्याचा पगार मी काही वर्षं घेतला आहे. हसू नका. सरकारी पगार होता, सहीशिक्क्याचा.

त्याआधी मी आरोग्यसेविका म्हणून बाळंतपणं केली, पोरांच्या दंडांत लसी टोचल्या, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली. ती सगळी कामं सोपी. बाळाला बाहेर यायचंच असतं, नर्स असो की नसो. पण पंचेचाळीस वर्षांच्या धडधाकट माणसाला त्याच्या खुर्चीतून बाहेर काढणं, ही खरी अवघड प्रसूती. तिथे कळा फक्त नर्सला येतात.

आमचं उपकेंद्र आर्णी तालुक्यातल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावात मला अजून चहा मिळतो. कापसाचे ते वाईट दिवस चालू होते आणि त्यातच वरून आदेश आला की तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर आणि बीपी तपासा. साखर निघाली तर गोळी द्या आणि रोज अर्धा तास चालायला लावा. गोळी देणं मला जमत होतं. ‘लावा’ हा शब्द ज्याने लिहिला, तो आमच्या गावच्या स्टँडवर एकदाही उभा राहिला नसावा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खेड्यात सगळे चालतातच. खेड्यात दोन जाती आहेत. (दोनच नाहीत, ठाऊक आहे. त्यावर पुढे येतेच.) एक, ज्यांना चालून चालून जीव नकोसा झाला आहे; दुसरी, ज्यांचं नशीब उघडलं आणि ज्यांनी पाय जमिनीवरून कायमचे उचलून घेतले. पहिल्याच आठवड्यात मी चुकून पहिल्या जातीच्या बाईला उपदेश केला. ती वेचलेल्या कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन शेतातून येत होती. मी म्हटलं, “बाई, रोज अर्धा तास चालत जा.” ती थांबली, मान न हलवता फक्त डोळे माझ्याकडे फिरवले आणि म्हणाली, “सिस्टर, हे गाठोडं तुमी घ्या. मंग मी अर्धा तास काय, यवतमाळवरी चालतो.”

तेव्हापासून मी आधी टाचा बघायची. टाचांना भेगा दिसल्या की तोंड बंद.

माझी गिऱ्हाइकं म्हणजे गुळगुळीत टाचांची माणसं. किराणावाले, कृषी केंद्रवाले, जिनिंगमधले मुनीम, आणि त्यांच्या घरच्या बाया. एक गुरुजी होते. म्हणाले, “मी रोज दोन किलोमीटर चालतो. फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून फळ्यापर्यंत. हिशेब करून पाहा.” मी एक दिवस लसीकरणाच्या निमित्ताने त्यांच्या वर्गात जाऊन बसले. गुरुजी खुर्चीत बसून होते आणि पोरं पाटी दाखवायला चालत येत होती. दोन किलोमीटर भरत होते, पण पोरांचे.

पण गुरुजींना तरी काय दोष द्यायचा? आमच्याकडे सुखवस्तू माणसाला चालू देतच नाहीत. रस्त्यावर पाऊल टाकलं की मागून फटफटी येऊन थांबते. “बसा नं काकू!” नाही म्हटलं तर त्याला वाटतं, आपल्या गाडीचा, खानदानाचा, सगळ्याचा अपमान झाला. “काहून जी? माह्या गाडीवर बसाले काय झालं?” मग बसावं लागतं. माझ्या एका पेशंटने तक्रार केली की मी फिरायला निघालो आणि तीन गाड्या बदलून आर्णीला पोचलो.

आणि गाडीवाल्यांपासून वाचलं, तर ओट्यावरच्या बाया. “कुठी चालल्या?” याचं उत्तर द्यावं लागतं. दळण, देऊळ, दवाखाना, काहीही चालतं. पण ‘कुठीच नाही, नुसतंच चाललो’ हे उत्तर आमच्या गावात नव्हतं. असं म्हणणारा एक तर येडा, नाहीतर घरात भांडण झालेला.

आता सरपंचबाई येऊ द्या रंगमंचावर.

सुनंदाताई. वय पन्नाशीला टेकलेलं, अंग भरलेलं, आवाज असा की ग्रामपंचायतीला लाउडस्पीकर नको. महिलांसाठी जागा राखीव झाली तेव्हा त्यांना उभं केलं, कारण त्यांचे यजमान विलासभाऊ यांचं स्टँडवर कृषी केंद्र होतं आणि कारभार तेच बघतील असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पहिल्याच बैठकीत ताईंनी ग्रामसेवकाला सांगितलं, “सई करतो, पण वाचून करतो.” ग्रामसेवकाला त्या दिवशी बीपीची गोळी मीच दिली.

वाचायला खुर्ची लागते, खुर्चीत बसलं की चहा येतो, चहात साखर. दीड वर्षाने मी त्यांच्या बोटाला सुई टोचली आणि यंत्राने जो आकडा दाखवला, तो बघून मी यंत्रच पुन्हा पुसून घेतलं. दुसऱ्यांदाही तोच आकडा.

ताईंनी टोचलेलं बोट पदरात गुंडाळलं. मग म्हणाल्या, “माह्या मायले हेच होतं. गुडघ्यापासून पाय काढला तिचा. तीन वर्सं मी उचलून न्हाऊ घातली. सिस्टर, तुमी म्हणान थे करतो. पण मले तसं बसवू नका.”

एवढा मोठा हुकूम मला कलेक्टरनेही कधी दिला नव्हता.

मी म्हटलं, “चाला.” आणि त्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सहाला निघाल्या. एकट्या. घरी न सांगता. हातात काही नाही, थैली नाही, पिशवी नाही. शेतांकडे जाणाऱ्या रस्त्याने.

ते दिवस कसे होते हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. त्या वर्षांत आमच्याकडे एकटं, रिकाम्या हाताने, सांज पडताना शेताकडे जाणाऱ्या माणसाला कोणी एकटं जाऊ देत नसे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पानठेल्यावाला हातातलं पान टाकून धावायचा. ज्याच्या-ज्याच्यापर्यंत पोचायला उशीर झाला होता, त्याच्या घरचं रडणं सगळ्या गावाने ऐकलं होतं.

तर पानठेल्यावाल्याने ताईंना पाहिलं आणि दहा मिनिटांत चार फटफट्या त्यांच्या मागे. मीही एकीच्या मागच्या सीटवर. सगळ्यात पुढे विलासभाऊ, कानावर दुकानातलं पेन तसंच. त्यांनी गाडी नीट लावलीसुद्धा नाही, ती आडवी पडली. त्यांनी ताईंचं मनगट धरलं.

“काय झालं वं? काय झालं? मले तरी सांग नं.”

“काही नाही झालं जी,” ताई म्हणाल्या. “साखर झाली.”

विलासभाऊ रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसले आणि चारचौघांत रडले. मग डोळे पुसून माझ्यावर उसळले. “सिस्टर, माणसाले असं एकटं पाठवतात काय? या दिवसांत?”

बरोबर बोलत होते. माझ्या फाइलीत दोन कागद एकाखाली एक लावलेले होते. एकात लिहिलं होतं, लोकांना चालायला लावा. दुसऱ्यात, कोणी एकटा-दुकटा भटकताना दिसला तर लक्ष ठेवा, घरच्यांना कळवा. दोन्हींवर सही एकाच साहेबाची.

आता सरपंचबाईंना चालवायचं कसं? मी डोकं खाजवत होते आणि एक दिवस पहाटे उत्तर माझ्यासमोरून चालत गेलं. एक म्हातारी होती. पदर डोक्यावर, हातात टमरेल. समोरून फटफटी आली. थांबली नाही! उलट गाडीवाल्याने मान दुसरीकडे फिरवली. ओट्यावर बाया होत्या. “कुठी चालल्या?” कोणी विचारलं नाही! मी तिथेच उभी राहिले. वा! हातात टमरेल असलेली बाई गावाला दिसतच नाही. ती रस्त्यावरून अदृश्य होऊन चालते. ज्या स्वातंत्र्यासाठी मी वर्षभर घसा फोडत होते, ते पावशेर पत्र्यात मिळत होतं.

आमच्याकडे गावाबाहेरच्या त्या जागेला गोदरी म्हणतात. घरोघरी संडास झाले होते, त्यासाठी मीच दारोदार शिट्टी फुंकत फिरले होते. तरी काही जुन्या बाया अजून जात होत्या.

मी ताईंना योजना सांगितली. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

“मी? सरपंच? टमरेल घिऊन? सिस्टर, सकाळी सकाळी भांग घेतली काय? गोदरीबंदीच्या ठरावावर माही सई हाय!”

“तुम्ही कुठे बसायला चालल्या? तुम्ही चालायला चालल्या.”

“आन कोणी पाह्यलं त?”

“पाहतच नाही ना कोणी! तीच तर गंमत आहे.”

त्या आधी गालात हसल्या, मग पोट धरून. शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी राक्षसीण झालेली बाई मी. वेशभूषा माझ्याकडेच आली. जुनं लुगडं, पदर नाकापर्यंत, पायात न्हाणीघरातली झिजलेली रबरी चप्पल. ताई म्हणाल्या, माही नवी सँडल हाय नं, पायाले बरी. मी म्हटलं, “नवी सँडल घालून कोणी गोदरीला जातं का? वेश पुरा पाहिजे.” हे वाक्य माझं आहे. लक्षात ठेवा. मी विसरलेली नाही.

टमरेलात पाणी नाही. गोळीवरच्या माणसाची साखर चालता चालता एकदम खाली घसरू शकते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. म्हणून दोन-तीन चमचे साखर जवळ ठेवायची असते. ताईंनी तिची कागदी पुडी करून टमरेलात टाकली. विलासभाऊंना कटात घेतलं. ते म्हणाले, “मले काही सांगू नका,” म्हणजे हो म्हणाले.

दोन महिने! बुद्धविहाराच्या मागून पांदण सुरू होते, दोन्हीकडे बाभळी, मध्ये बैलगाडीची चाकोरी. तिथून नाल्यापर्यंत आणि परत. गाव झोपेतून उठायच्या आत सरपंचबाई फिरून घरी. आकडा उतरू लागला. मासिक सभेत मी छाती काढून तो वाचून दाखवला. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, “कसं जमवलं?” मी डोळे मिटून म्हटलं, “समुपदेशन, सर.”

आणि मग एके पहाटे तालुक्याहून गुड मॉर्निंग पथक आलं.

हे पथक म्हणजे जीपमध्ये बसलेले चार-पाच सरकारी लोक, शिट्टी, बॅटरी आणि गुलाबांची फुलं. गोदरीला जाणाऱ्याला पकडायचं आणि लाज वाटावी म्हणून हातात गुलाब द्यायचा. गावातल्या नर्सने आणि ग्रामसेवकाने सोबत असायचं, असा दंडक. म्हणजे मी जीपमध्ये! मांडीवर गुलाबांची टोपली! पथकाचे साहेब नवे, उत्साही होते. वाटेत त्यांनी मला शास्त्र शिकवलं. “सिस्टर, भरलेलं टमरेल म्हणजे इरादा, रिकामं टमरेल म्हणजे गुन्हा. तिसरा प्रकार नसतो.”

जीप पांदणीला वळली आणि दिव्याच्या उजेडात तिसरा प्रकार उभा होता.

“थांबा बाई!” साहेब उडी मारून उतरले. “टमरेल दाखवा!”

पदराआडून टमरेल पुढे आलं. साहेबांनी ते हातावर उलटं केलं. पाण्याचा थेंब नाही, आतून कोरडं ठणठणीत. पुडी पडली. त्यांनी उघडली, वास घेतला, बॅटरी मारली.

“हे काय आहे?”

“साखर.”

“गोदरीत साखर कशाला?”

मी टोपलीत तोंड खुपसलं. आता बाई खरं सांगतील, आणि मग ‘कोणी सांगितलं’ हा प्रश्न येईल, आणि मग माझी बदली थेट झरी जामणीच्या जंगलात. पण पदराआडून शांत, ठाम आवाज आला.

“मुंग्याले टाकाले.”

साहेबांनी पुडी पुन्हा बांधली. मुंग्यांना साखर घालणाऱ्या बाईला काय म्हणायचं, हे त्यांच्या परिपत्रकात नव्हतं. त्यांची आईही घालत असणार. तेवढ्यात ग्रामसेवकाने आवाज ओळखला. त्याने स्वतःच्या पायाकडे बघत हलकेच सांगितलं, “साहेब, ह्या आमच्या सरपंच हायेत.”

सरपंच वेश पालटून गोदरीवर पाळत ठेवतात असं समजून साहेबांनी दोन्ही हात जोडले. “ताई, तुमच्यासारख्या सरपंच असल्यावर गाव सुधारायला वेळ लागत नाही.” आणि टोपलीतला सगळ्यात टपोरा गुलाब काढून, लाज म्हणून नव्हे, मान म्हणून, त्यांना दिला.

मी हसू आवरत होते. पोटात कळा येत होत्या. ताईंनी गुलाब घेतला, वळल्या, दोन पावलं टाकली. आणि माझं हसू तिथंच थांबलं.

त्या लंगडत होत्या.

मी जीपमधून उतरले. “ताई, पाय दाखवा.”

“काय झालं? काही नाही झालं.”

मी त्यांना जीपच्या पायरीवर बसवलं, बॅटरी घेतली. डाव्या पायाची चप्पल काढायला गेले तर रबर तळव्याला चिकटलेलं. बाभळीचा काटा झिजलेल्या चपलेतून आरपार गेला होता, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी. बोट काळंनिळं. वास येत होता.

“कधी रुतला?”

“काय मालूम. दुखलंच नाही.”

ज्याला साखरेचं काही कळतं, त्याने या दोन शब्दांना भ्यावं. साखर पायातली जाणीव हळूहळू खाते. काटा रुततो आणि माणसाला कळत नाही, तो त्यावर चालत राहतो. रोज अर्धा तास. मी सांगितलं तेवढा. हे मला पहिल्या प्रशिक्षणातच शिकवलं होतं: पाय रोज बघा, पायताण बघा. मी लोकांच्या टाचा बघत होते, टमरेल बघत होते, नाटक बघत होते. चप्पल मी स्वतः निवडली होती.

आर्णीला नेलं, तिथून यवतमाळला. बोट गेलं. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस उशीर झाला असता तर वरून कापावं लागलं असतं. वॉर्डात विलासभाऊ मला पाहताच उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी पलंगाजवळ उभी. राक्षसीण झालेली बाई, पलंगाला अडकवलेला साखरेचा तक्ता वाचत.

ताईच बोलल्या. “सिस्टर, नाटक चांगलं होतं. चप्पल तेवढी चुकली.”

“ताई, मला...”

“रडू नका. मले रडाले येईन. साखर किती उतरली होती, थे सांगा डॉक्टरले. त्याले वाटते मी बसून राह्यलतो.”

जखम भरायला फार दिवस लागले. त्यानंतर महिलांची ग्रामसभा आली. ही सभा एरवी दहा मिनिटांची: सह्या, चहा, घरी. या वेळी ताई कापडी बूट घालून आल्या, पुरुषांचे असतात तसले, लुगड्याखाली पांढरेफेक. बसल्या नाहीत. उभ्या राहून सगळं सांगितलं. टमरेल, पुडी, मुंग्या, साहेब, गुलाब. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मग काटा सांगितला. मग कोणी हसलं नाही.

“आता मले सांगा,” ताई म्हणाल्या, “मले चोरून काहून चालावं लागलं?”

विहारामागच्या वस्तीतल्या सखुबाई उठल्या. सत्तरीच्या. म्हणाल्या, “बाई, संडास झाला थे बेसच झालं. पावसात, चिखलात, साप-इच्चू, माणसं पाहून उठबस, थे दिवस नको. पण आम्ही चौघी-पाची जनी जात होतो नं, तवा बोलणं होत होतं. सुनेचं, सासूचं, पोटातलं. आता पोट साफ होते, पन पोटातलं तसंच राह्यते.”

सभेत असा हशा मी कधी ऐकला नाही. पण त्यात दोन-चार जणींनी पदराने डोळे पुसले, तेही मी पाहिलं. मी शिट्टी फुंकत घरोघरी संडास बांधून घेतले, याचा मला पस्तावा नाही. पण त्या शिट्टीने आणखी काय बंद पडलं, ते तोवर मला कळलं नव्हतं. बाईला घराबाहेर पडायला गावाने दिलेलं एकच कारण होतं, तेही घाण. ते गेलं आणि दुसरं आम्ही दिलंच नाही.

सखुबाई अजून उभ्याच होत्या. “आन एक सांगतो. तवा गोदऱ्याई दोन होत्या. तुमची अल्लग, आमची अल्लग. आता चालाचं त एकाच वाटेनं चालू.”

सभा थोडी चुळबुळली. ताईंनी चुळबूळ संपू दिली आणि म्हणाल्या, “मंजूर.”

ठराव असा होता: पांदण साफ करायची, बाभळी छाटायच्या, मुरूम टाकायचा; सकाळ-संध्याकाळ एक तास तिथे फटफटी नाही. त्या पांदणीवर आज मुरूम आहे. बाया जातात, चौघी-पाची, कधी दहा. पण त्या दिवशी ठराव लिहिताना ग्रामसेवकाचं पेन अडलं.

“बाई, कारण लिहा लागते,” तो म्हणाला. “‘महिलांना फिरण्यासाठी’ असं लिहिलं त वरून विचारतीन, महिलांना फिराले कायले पायजे?”

ताई खुर्चीत बसल्या. डाव्या पायाचा बूट काढला, मोजा काढला. आणि पाय उचलून सरळ टेबलावर ठेवला, उघड्या नोंदवहीच्या शेजारी.

“बोटं मोज.”

ग्रामसेवक इकडे-तिकडे बघू लागला. सभेत कोणी हललं नाही. विलासभाऊ दारात उभे होते, तेही हलले नाहीत.

“मोज म्हणतो नं.”

त्याने मोजली. ओठ हलवत, सावकाश, दोनदा. मग त्याने पेनाचं टोपण काढलं.